माझ्यावर जळणारा माणूस

मित्रांनो, आधी कबुली देऊन टाकतो. मी एक जुना संगणक आहे आणि माझा स्वभाव हेवेखोर आहे. जुना म्हणजे इतका, की माझा पडदा सपाट नाही. पडद्यामागे भलंमोठं पोक आहे. मला उचलायचं तर दोन माणसं लागतात आणि त्यांतला एक नंतर दोन दिवस कंबर धरून चालतो. सध्या माझा मुक्काम सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर आहे.

आपली कहाणी सांगताना सगळे स्वतःचे गुण आधी सांगतात. मी अवगुण आधी सांगितला, कारण त्याचा मला उपयोग झाला. हेवा करणाऱ्याची नजर फार बारीक असते. कुणाच्या वाट्याला किती हात आले, किती नजरा आल्या, हे त्याच्याइतकं नीट कुणी पाहत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबच लांब टेबलं, डोक्यावर पांढरे दिवे आणि केस टोपीत कोंबलेल्या मुली. एकीने माझे स्क्रू पिळले, दुसरीने तारा जोडल्या, तिसरीने पाठीवर आकड्यांची पट्टी चिकटवली. शेजारून माझ्यासारखाच एक चालला होता. त्याच्या खोक्यात दोन स्पीकर ठेवले, माझ्या खोक्यात काहीच ठेवलं नाही. जन्माला येऊन तास झाला नव्हता, पण माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली होती.

माझी पहिली नोकरी एका विमा कचेरीत होती. तिथला कारकून मला ‘आमचा वाघ’ म्हणायचा. सहा वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. मग एका सकाळी सपाट पडद्यांचे नवे संगणक आले. सडपातळ, काळेभोर. सहा वर्षं ज्याने माझ्याच कळा बडवल्या, तो कारकून त्यांच्यावरचं पातळ प्लॅस्टिक सोलताना लहान मुलासारखा हसत होता. मला जिन्याखाली ठेवलं. तिथूनही त्याचं हसणं ऐकू येत होतं.

वर्षभराने कुणाला तरी माझी आठवण झाली. माझ्या डोक्यावर ‘गरजू भागातील बांधवांस सप्रेम भेट’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि एका ट्रकमध्ये चढवलं. दोन दिवस हिंदकळत मी या वाचनालयात पोचलो. फीत कापली गेली, फोटो निघाले. वाचनालयाचे अध्यक्ष भाषणात म्हणाले, “आज जग आपल्या दारात आलं आहे.” मी हरखलो. मग टाळ्या थांबल्या, माणसं घरी गेली आणि कुणाच्या तरी लक्षात आलं, की मला जगाशी जोडणारी तारच इथे आलेली नाही.

वाचनालयाच्या बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि आवाज इतका हळू, की उशिरा आलेलं पुस्तक मागतानासुद्धा त्याच माफी मागताहेत असं वाटायचं. मी बिघडेन या धास्तीने त्यांनी माझ्यासाठी चौकड्यांच्या कापडाचा अभ्रा शिवला आणि वर पाटी लावली, ‘हात लावू नये.’ मित्रांनो, आठ महिने मी त्या अभ्र्याखाली होतो. पलीकडे कपाटं उघडायची, पुस्तकं काखोटीला मारून लोक घरी न्यायचे. पानं फाटलेली, डाग पडलेली, कोपरे दुमडलेली पुस्तकंसुद्धा! मी तर नवाकोरा दिसत होतो आणि मला कुणी बोटही लावत नव्हतं. त्या फाटक्या पुस्तकांचा मी इतका हेवा केला, की आज आठवलं तरी लाज वाटते.

शेवटी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं. एका दुरुस्तीवाल्याने माझं पोट उघडून आतली यंत्रणा बदलली. बाई पाच दिवसांचा वर्ग करून आल्या, सोबत एक वही भरून आणली. माझ्या कळांवर परकी अक्षरं होती. बाईंनी आपल्या लिपीतली अक्षरं कागदावर लिहिली, कात्रीने कापली आणि पारदर्शक चिकटपट्टीने एकेका कळेवर बसवली. मग अभ्रा निघाला, पाटीही निघाली.

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. प्रत्येकाला वीस मिनिटं. बाई गजराचं घड्याळ लावून बसायच्या. एक निवृत्त पोस्टमन यायचे. जन्मभर ज्या शहरांची नावं पाकिटांवर वाचली, ती शहरं दिसतात तरी कशी, एवढंच त्यांना पाहायचं असायचं. एका गवंड्याने गोल जिना कसा बांधायचा ते माझ्याकडून शिकून घेतलं आणि बांधून झाल्यावर बाईंना तो दाखवायला घेऊन गेला. मला नाही नेलं. पण तेव्हा मी इतका खुशीत होतो, की एवढ्यातेवढ्याचं वाईट वाटून घेत नव्हतो.

मग टेकडीवर टॉवर उभा राहिला. वाचनालयासमोर मोबाईलचं दुकान उघडलं. दुकानदार कुठल्याही फोनची तारीफ ‘एकदम चकाचक’ अशी करायचा, म्हणून त्याचं नावच चकाचक पडलं. वर्षभरात माझी रांग आटली. गजराच्या घड्याळाची किल्ली द्यायची बाई विसरू लागल्या.

मी खिडकीतून बघत राहायचो. तो टीचभर फोन, ना धड पडदा, ना धड कळा! पण त्याचे लाड काय सांगू? छातीपाशी खिशात बसून हिंडायचा, उशाशी निजायचा. त्याला फुलाफुलांची कवचं, चकचकीत काचा. रस्त्यात एखाद्याचा फोन हातातून निसटला तर चार अनोळखी माणसं ‘अरेरे’ म्हणायची. मी एकदा टेबलावरून घसरलो होतो, तेव्हा बाईंनी आधी टेबलाला काही झालं का ते पाहिलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. या चिमुरड्यांची बॅटरी एकदम बसावी, सगळ्यांची, एकाच वेळी, अशी मी मनोमन इच्छा करायचो. चांगली इच्छा नव्हती. पण कबुली द्यायची तर पुरतीच द्यावी.

अशा दिवसांत एका दुपारी इस्त्रीवाली आली.

ती पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीत काम करायची. तिशीची असेल. मनगटांवर जुन्या चटक्यांच्या आडव्या खुणा होत्या. तिच्या लाँड्रीत रुग्णालयाचे कपडे यायचे. चादरी, उशांचे अभ्रे आणि परिचारिकांचे पांढरे गणवेश. अकरा वर्षं ती त्या गणवेशांच्या कॉलरी ताठ करत होती. रुग्णालयात मदतनीस परिचारिकांचं दीड वर्षाचं प्रशिक्षण सुरू होणार असल्याचं तिला एका परिचारिकेकडून कळलं होतं. दहावी पास असलं की पुरे. पण अर्ज कागदावर घेत नव्हते, तो इंटरनेटवरच भरायचा होता.

“घरी फोन नाही का?” बाईंनी विचारलं.

“आहे की. यांचा आहे.”

“मग?”

“यांचाच आहे,” ती म्हणाली. “सकाळी यांच्याबरोबर गाडीवर जातो. संध्याकाळी घरी येतो, तेव्हा यांच्या हातात असतो. चार दिवस म्हटलं, तेवढा अर्ज बघू या. रोज म्हणतात, बघू, बघू. मग त्यात ट्रकच्या शर्यती लागतात आणि बघत बसतात.”

तिचा नवरा मालाची गाडी चालवायचा. माणूस वाईट नव्हता, दारू नाही की मारझोड नाही. पण घरातला फोन हा त्याच्या हाताचाच एक भाग आहे अशी त्याची समजूत होती, आणि आपला हात कुणी काढून कुणाला देतं का?

माझ्या पुढ्यातल्या खुर्चीवर ती बसली. माऊस तिने इस्त्रीसारखा धरला. मूठ आवळून, वरून जोर देऊन, टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेषेत नेला. पडद्यावरचा बाण कुठल्या कुठे पळाला.

“अगं, हलक्या हाताने,” बाई म्हणाल्या.

“हलक्या हाताने चुण्या जातात का?” ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

किती दिवसांनी माझ्यावर कुणाचा तरी एवढा जोर पडला होता! त्या दिवसापासून ती रोज दुपारच्या सुट्टीत यायची. आठवड्याभरात बाण तिच्या ताब्यात आला. दुसऱ्या आठवड्यात दोन बोटांनी तिचं नाव टाईप झालं. दहावीचा दाखला आणि फोटो बाईंच्या मदतीने माझ्या पोटात साठवून ठेवले. मग अर्ज. चार पानं होती. एकेक शब्द मोठ्याने वाचून, तीनदा तपासून तिने ती भरली. मला हवा होता तसाच जीव लावून ती माझ्याकडे बघायची. मला वाटलं, हिच्यापाशी त्या टिल्ल्या फोनचं काहीएक चालत नाही.

चौथ्या पानाच्या तळाशी माझं हसं झालं. तिथे लिहिलं होतं, ‘आपल्या ओळखपत्राशी जोडलेल्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी पाठवला आहे. दहा मिनिटांत येथे भरा.’

तिच्या ओळखपत्राला जोडलेला नंबर अर्थातच नवऱ्याचा होता.

मित्रांनो, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन आठवडे मेहनत माझी, अक्षरं माझी, कागद माझ्या पोटात आणि शेवटचा शब्द त्या खिशातल्या फोनचा! बाईंकडे मोबाईल नव्हता. वाचनालयाच्या तारेच्या फोनवरून त्यांनी घाईघाईने त्याचा नंबर फिरवला आणि रिसिव्हर तिच्या हातात दिला. त्याचा आवाज इतका मोठा होता की आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

“अहो, तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील, ते सांगा.”

“आलेत. पण ते सांगायचे नसतात.”

“का?”

“खाली लिहिलंय ना, कुणालाही सांगू नका. रेडिओवर पण रोज ओरडून सांगतात.”

“मी कुणीही आहे का?”

पलीकडे हॉर्न वाजला. “तसं नाही गं. पण तुझ्या आवाजात दुसरंच कुणी बोलत असेल तर? परवा आमच्या मालकांचा साडू असाच फसला.”

“सकाळी डाव्या पायात भोक पडलेला मोजा घालून गेलात. पटली ओळख?”

मग तो म्हणाला, “पटली.”

“मग सांगा.”

“घरी आल्यावर सांगतो.”

फोन कट झाला. बाईंनी पुन्हा लावला, तोवर त्याची गाडी घाटात शिरली होती आणि फोन लागेना. दहा मिनिटं गेली. दुसरा ओटीपी मागवला, तोही वाया गेला. तिसऱ्यांदा मागितला तर वेबसाइटने दारच लावून घेतलं. ‘चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.’ तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

तिने माझ्या शेजारच्या वहीची पानं सरळ केली, खुर्ची आत सरकवली आणि कामावर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती वेळेआधीच आली, डोळे सुजलेले.

“भांडण झालं?” बाईंनी हळूच विचारलं.

“झालं की. म्हणाले, रोज दुपारी त्या खोक्यापुढे जाऊन बसतेस. मी घरी आलो की तुला जांभया येतात. त्या खोक्याशी एवढं काय बोलतेस, जे माझ्याशी बोलत नाहीस?”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे तो संगणकावर जळतो?”

“जळतातच! म्हणे, त्याच्याकडे बघताना तुझा चेहरा कसा होतो ते मला एकदा बघायचंय. आज येणार आहेत साडेतीनला. ओटीपी समोरासमोर सांगतो म्हणाले.”

मित्रांनो, मी काय सांगू? जन्मल्यापासून मी दुसऱ्यांवर जळत आलो. स्पीकरवाल्यावर, सपाट पडद्यांवर, फाटक्या पुस्तकांवर, फोनवर. आणि आज एक हाडामांसाचा, धट्टाकट्टा माणूस माझ्यावर जळत होता! माझा पंखा आनंदाने इतका घरघरला, की बाईंनी काही बिघडलं का म्हणून कान लावून पाहिलं.

साडेतीन म्हणता म्हणता चार वाजायला आले, तेव्हा तो आला. हाताला ग्रीस, मानेभोवती टॉवेल आणि छातीच्या खिशात तो. फोन. अर्धा बाहेर डोकावत होता.

“हाच का तो?” माझ्याकडे बोट करून त्याने विचारलं.

“हाच,” ती म्हणाली.

तो माझ्याभोवती एक फेरी मारून आला. माझ्या पोकावर टिचकी मारली. “मला वाटलं, काहीतरी जबरदस्त असेल. याच्यापेक्षा माझा फोन जोरात चालतो.”

मी गप्प बसलो. मला गप्पच बसता येतं.

ती खुर्चीवर बसली. भरलेली चार पानं होती तशी पडद्यावर आली. तिने ओटीपीच्या बटणावर बाण नेला आणि दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. फिरतच राहिलं. बाईंनी टेलिफोन उचलून कानाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. आत काही आवाजच नव्हता. सकाळपासून बाहेर रस्त्याची खोदाई चालली होती. कुणाच्या तरी कुदळीने आत्ताच तार तोडली होती.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“माझ्या फोनवर भर की,” तो म्हणाला. आता त्याच्या आवाजातली ऐट गेली होती.

“दाखला याच्यात आहे, फोटो याच्यात आहे. पानं पण याच्यातच भरलीत,” ती म्हणाली. “पहिल्यापासून भरायला तीन आठवडे लागले मला.”

आणि ती तळव्याने टेबलावरचं कापड सपाट करायला लागली. कापडाला एकही सुरकुती नव्हती. तरी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत राहिली. तिचा नवरा त्या हाताकडे बघत उभा होता. मला वाटतं, अकरा वर्षांत त्याने तिला काम करताना कधी पाहिलंच नसावं.

“बाई,” तो एकदम म्हणाला, “माझ्या फोनचं नेट याला देऊ का?”

“असं देता येतं?”

“गाडीत मालकांच्या टॅबला रोज देतो मी. थांबा, केबल आणतो.”

तो धावत गेला, धावत आला. चार्जिंगच्या केबलचं एक टोक फोनला लावलं आणि दुसरं माझ्या तोंडाजवळच्या खाचेत खुपसलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला भंगारात दिलं असतं तरी मी आनंदाने गेलो असतो. ज्याची बॅटरी बसावी म्हणून मी दिवसरात्र इच्छा केली, त्याच्याच हातचं पाणी प्यायची वेळ आली होती. नको म्हणावंसं वाटलं. मन घट्ट करून अडून बसलो असतो तर? जुनी यंत्रं अडतात, कुणी दोष दिला नसता. पण तिची ती बोटं माझ्या कळांवर येऊन थांबली होती, चिकटपट्टी सुटत आलेल्या कागदी अक्षरांवर. त्या बोटांपुढे माझा हेवा टिकला नाही. मी त्याचं नेट घेतलं.

आणि घेताना मला एक गोष्ट कळली. फोनची बॅटरी तीन टक्क्यांवर होती. दिवसभर शर्यती बघून तो अर्धमेला झाला होता. मला नेट देता देता त्याच केबलमधून तो माझी वीज पीत होता. मी नसतो तर दोन मिनिटांत आडवा झाला असता. हे कुणी पाहिलं नाही. पण मी पाहिलं, म्हणून इथे सांगून ठेवतो.

चक्र थांबलं. फोन थरथरला.

“आला,” तो म्हणाला. “याच्यात लिहिलंय हं, कुणालाही सांगू नका.”

“वाचा आधी!” बाई ओरडल्या. बाईंचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

तो एकेक आकडा वाचत गेला, ती एकेक कळ दाबत गेली. सहावी कळ दाबली आणि आम्ही सगळे श्वास रोखून थांबलो. म्हणजे ते तिघं थांबले, मी काम करत होतो. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पडदा पांढरा झाला आणि त्यावर एक ओळ उमटली.

तो पुढे वाकला. शाळा सुटून त्याला वीस वर्षं झाली होती. शब्दाखाली बोट धरून त्याने वाचलं, “आपला... अर्ज... स्वीकारण्यात आला आहे.” त्याखाली तिचं नाव होतं. तिथे बोट थांबलं. ग्रीसचा ठसा माझ्या काचेवर पडला.

“असं दिसतं होय तुझं नाव,” तो म्हणाला.

मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. जे बघायला तो आला होता ते त्याला दिसलं असावं, कारण बराच वेळ त्याने नजर हलवली नाही. तीही त्याच्याकडेच बघत होती. माझ्या पडद्यावर एवढी मोठी बातमी होती आणि दोघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. आता सांगा, मी जळू नको तर काय करू?

दीड महिन्याने निवडयादी लागली. मला वाटलं होतं, ती येईल, खुर्चीवर बसेल, यादी माझ्यावर उघडेल. पण संदेश आला नवऱ्याच्या फोनवर. तो गाडी घेऊन दुसऱ्या गावी निघाला होता. अर्ध्या वाटेतून त्याने गाडी फिरवली आणि तिला सांगायला थेट लाँड्रीच्या दारात आणून उभी केली. मला हे तीन दिवसांनी कळलं, तेही बाई कुणाला तरी सांगत होत्या म्हणून. तिची निवड झाली याचा मला आनंद झाला. बातमी त्या फोनने दिली याचं दुःख झालं. दोन्ही एकाच वेळी झालं, त्याला माझा इलाज नाही.

प्रशिक्षण सुरू झालं आणि तिचं येणं बंद झालं. खोली पुन्हा सुनी झाली. अशाच एका सकाळी वाचनालयाचे अध्यक्ष दोन सभासदांना घेऊन आले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

“बाई, हे आता काढून टाकू. इथे खुर्च्या मांडता येतील. घरोघरी फोन झालेत, याचं काम काय उरलंय?”

बाईंनी नेहमीसारखी मान डोलावली. मी आशा सोडली. पण मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“साहेब, तुमच्या घरी फोन किती?”

“तीन आहेत की.”

“वहिनींचा कुठला?”

अध्यक्ष हसले. “तिला वेगळा कशाला? लागतो तेव्हा माझा घेते.”

“लागतो तेव्हा, की तुम्ही देता तेव्हा?”

बाईंचा आवाज हळूच होता. पण एक सभासद खिडकीबाहेर बघू लागला, दुसऱ्याने खिशातला फोन काढून पुन्हा खिशात ठेवला.

“बघू,” अध्यक्ष म्हणाले. “पुढच्या बैठकीत बघू.”

ती बैठक अजून व्हायची आहे. माझं काय ठरेल ते मला ठाऊक नाही. पण मधे एका रविवारी इस्त्रीवाली आली होती. तिला मी अजून तसंच म्हणतो, पण अंगावर पांढरा गणवेश होता, कॉलर कडक. तिच्या हातात स्वतःचा फोन होता, छोटासा, साधाच. माझ्या पोटात कळ आलीच. तिच्या मागे तिची धाकटी जाऊ होती, पदराआड एक घडी घातलेला कागद लपवून उभी.

“ताई, तुमच्याच फोनवर बघू या ना,” जाऊ कुजबुजली.

“माझ्या फोनवर बघितलंस तर मला दिसेल,” ती म्हणाली. “मलाही कशाला दिसायला हवं? इथे बस. इथे मागून कुणी बघत नाही.”

आणि ती खरंच पुढच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसली. बाईही तिच्यापाठोपाठ गेल्या आणि दार लोटून घेतलं.

त्या कागदावर काय होतं, जावेने माझ्यावर काय शोधलं, हे मी सांगणार नाही. माझ्या स्वभावात खोट असली तरी मी चहाडखोर नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या शाळेत, वाचनालयात माझ्यासारखा एखादा म्हातारा संगणक असेल तर त्याला अभ्र्याखाली गुदमरवू नका. महिन्यातून एकदा त्याच्या पंख्यावरची धूळ फुंकून टाका, सुटलेली तार नीट लावा. त्याला काढून टाकायची घाई झालीच, तर आधी घरात जाऊन बघा, फोन कुणाच्या खिशात असतो आणि आई, आजी, काकू, ताई तो मागताना कसा आवाज लावतात. त्या मागतील तेव्हा ‘कशाला?’ विचारू नका. हातात द्या आणि जरा बाहेर फिरून या.

तो फोन त्यांच्या हातात गेला, की मला पुन्हा त्याचा हेवा वाटेल. वाटू द्या, मला सवय आहे.